एकोणीस नंबरचं हृदय

त्याला सगळे 'जपून' म्हणत. हे काही नाव नव्हे, हे कुणीही सांगेल. पण आठव्या वर्षापासून घराबाहेर पाऊल टाकलं की आई म्हणायची 'जपून', जिना चढायला लागला की शेजारीण म्हणायची 'जपून', शाळेत नळाखाली ओंजळ धरली तरी मास्तर ओरडायचे 'जपून रे!' दिवसातून पन्नास वेळा एकच शब्द कानावर पडला की माणूस त्यालाच ओ द्यायला लागतो. तसा हा द्यायला लागला. पुढे त्याचं चष्म्यांचं दुकान झालं, तर गिऱ्हाइकंसुद्धा 'जपूनकडून काचा बसवून आणल्या' असंच सांगत. चौसष्टाव्या वर्षापर्यंत त्याला या नावाचं काही वाटलं नाही. वाटायचं काय त्यात? त्याचं हृदय अधू होतं आणि अधू हृदयाच्या माणसाने जपूनच राहायचं असतं.

अडचण एवढीच की त्याचं हृदय अधू नव्हतं.

झालं होतं असं. जपून तिसरीत होता आणि दादा, म्हणजे त्याचा थोरला भाऊ, पाचवीत. एक दिवस शाळेत डॉक्टर आले, फक्त तिसरीच्या मुलांना तपासायला. वर्गात कुणीतरी आवई उठवली की हे डॉक्टर प्रत्येकाचं बाटलीभर रक्त काढून नेतात. झालं!  मधल्या सुट्टीत जपून जो पसार झाला तो थेट जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या ढिगात. दादाने त्याला हुडकून काढलं. आईने सकाळीच बजावलं होतं, "त्याला तपासून घे हं, सोडू नकोस." आता आईचं ऐकायचं तर भावाला फरपटत न्यायला हवं, आणि भाऊ तर बाकाच्या पायाला मिठी मारून बसलेला. दादाने दोन मिनिटं विचार केला. दहा वर्षांच्या मुलाच्या मानाने दोन मिनिटं म्हणजे फार झाली.

"तुला भीती वाटते ना? बस इथे. मी जातो."

आणि तो गेला. वर्गशिक्षक रजेवर होते, डॉक्टर कुणालाच ओळखत नव्हते आणि दादापुढे तोंड उघडायची तिसरीच्या पोरांची छाती नव्हती. हजेरीतला एकोणीस नंबर पुकारला, तसा दादा पुढे झाला, सदरा वर केला, खोल श्वास घेतला, सोडला. डॉक्टरांनी नळी एकदा लावली, दोनदा लावली, तिसऱ्यांदा लावून डोळे मिटले आणि मग कागदावर बरंच काही लिहिलं. संध्याकाळी तो कागद घरी पोचला. 'हजेरी क्रमांक एकोणीस. हृदयात आवाज आहे. धावणे, वजन उचलणे, दमणे टाळावे. पुन्हा तपासावे.'

आईने तो दोनदा वाचला आणि जपूनला जवळ ओढलं.

त्या खोलीत खरं काय ते ठाऊक असलेली दोन माणसं होती. एकाचं वय आठ, दुसऱ्याचं दहा. दादाने तोंड उघडलं असतं तर खोटेपणाबद्दल आधी मार बसला असता आणि वर धावणं बंद झालं असतं. पुढच्याच आठवड्यात शर्यत होती आणि अख्ख्या शाळेत दादासारखं कुणी पळत नव्हतं. शिवाय त्याला वाटलं, आपल्याला काय धाड भरलीय? डॉक्टरच चुकला असणार. आणि जपून? त्याला एव्हाना आईने मांडीवर घेतलं होतं आणि ती त्याच्या केसांतून हात फिरवत होती. आई दिवसभर शिलाईच्या कारखान्यात असायची, ती मांडी त्याला दोन वर्षांत मिळाली नव्हती. मग पेलाभर दूध आलं, भरपूर साखर घातलेलं. तोही गप्प बसला. दोघा भावांनी एकमेकांकडे एकदा पाहिलं आणि नजर फिरवली. एरवी साध्या पेन्सिलीवरून जुंपायची त्यांची, पण या एका बाबतीत ते पुढे छप्पन्न वर्षं एकमताने वागले.

'पुन्हा तपासावे' हेही झालं म्हणा. गल्लीच्या टोकाला एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी आधी कागद वाचला, मग छातीला नळी लावली. शाळेत आलेल्या मोठ्या डॉक्टरला आवाज ऐकू आला आणि आपल्याला नाही, असं कबूल करायचं म्हणजे स्वतःच्याच कानांची अब्रू घालवायची. ते "हं, हं," म्हणाले आणि एक लाल कडू औषध लिहून दिलं. पुढे दर महिन्याला ते तपासत आणि म्हणत, "वा! काळजी घेताय म्हणून टिकलंय." जपून जितका धडधाकट दिसे, तितकं सगळं श्रेय काळजीला जाई. मग काळजी आणखी वाढे.

हळूहळू कागदाबरहुकूम मुलगा घडत गेला. मैदानावर बाकीचे धावायचे आणि जपून सावलीत बसून त्यांचे सदरे नि चपला सांभाळायचा. दमलेली पोरं येऊन त्याच्याशेजारी बसत आणि दमलेला माणूस मनातलं बोलून जातो. कुणाचा बाप मारतो, कुणाला कोण आवडतं, सगळं जपूनला ठाऊक. असं ऐकता ऐकता तो समजूतदार झाला. आवाज चढवायचा नाही, म्हणून गोड बोलायला शिकला. भांडायची सोय नाही, म्हणून चार लोकांना हसवायला शिकला. प्रगतिपुस्तकात मास्तरांनी लिहिलं, 'स्वभाव मुळातच शांत व विचारी.' मुळातच! ज्या पोराने सहाव्या वर्षी शेजाऱ्याच्या दंडाला चावून रक्त काढलं होतं, तो म्हणे मुळातच शांत. पण लिहिलं गेलं ते गेलं, आणि पुढच्या वर्षीच्या मास्तरांनी आधी ते वाचलं आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

दादाचं अगदी याच्या उलट झालं. त्याने शर्यत जिंकली, पत्र्याचा एक कप घरी आणला आणि त्याच दिवसापासून धाकट्याचं दप्तर उचलायला लागला. मग पावसाळा असो की उन्हाळा, धाकट्याला पाठुंगळी घेऊन तीन जिने चढायचा. लोक म्हणायचे, "भाऊ असावा तर असा!" हे एकदा चारचौघांत ऐकलं की माणसाची सुटका नाही. दादाने शेजाऱ्यांची कपाटं उचलली, बाजारातली पोती उचलली आणि शेवटी तोच त्याचा धंदा झाला. लोकांचं घरसामान एका घरातून दुसऱ्या घरात पोचवायचं. एका टेम्पोचे तीन टेम्पो झाले, हाताखाली माणसं आली, तरी जिन्याच्या वळणावर काही अडलं की दादा बाह्या सारून स्वतः खांदा लावणारच. आवाज गडगडाटी, हसणं त्याहून मोठं. डॉक्टरचं तोंड मात्र त्याने उभ्या जन्मात पाहिलं नाही. ताप आला तर अंगावर काढायचा. वहिनी, म्हणजे दादाची बायको, मागे लागायची, "एकदा तपासून घ्या हो." दादा म्हणायचा, "दवाखाना धाकट्याच्या वाट्याला आलाय. माझ्या नाही."

जपूनने धंदाही कागदाला विचारूनच निवडला. चष्म्याच्या दुकानात खुर्ची असते, पंखा असतो आणि सगळ्यात जड वस्तू म्हणजे गिऱ्हाईक, तेही आपल्या पायांनी येतं. "आता बरं दिसतंय, की मघाशी?" एवढं हळू आवाजात विचारत राहायचं. लग्न झालं ते त्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडच्या नर्सशी. दर महिन्याला ती त्याची नाडी बघायची, बघता बघता हात सोडायचं विसरली. तिची आई रडली, भेकली, म्हणाली, "पाच वर्षांत पांढरं कपाळ घेऊन बसशील." सासूबाई जाऊन आता बारा वर्षं झाली. जावई ठणठणीत.

छे, ठणठणीत कसला? त्याचं आजारपण एव्हाना कसं घोटून घोटून पक्कं झालं होतं. जिन्याच्या सातव्या पायरीवर तो थांबायचा. डावा हात छातीवर. उजवा हात किंचित वर, म्हणजे 'काही नाही, काही नाही, चालू द्या तुमचं.' तोंडाने एक अक्षर नाही. या एका हातवाऱ्यावर त्याला आयुष्यभर रांगेत पुढे जागा मिळाली, बसमध्ये खिडकी मिळाली आणि घरातल्या कुठल्याही भांडणात शेवटचा शब्द मिळाला. शाळेतला तो कागद त्याने प्लास्टिकमध्ये घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. कुणी फारच अडलं तर तो काढून दाखवायचा. जिन्याखालच्या बाकांचं काय, म्हणाल? ते तो विसरला नव्हता. पण आठवायची गरजच पडत नव्हती. आणि खोटं कशाला बोला, चाळिशीनंतर त्याला खरोखरच धडधडायचं.

मात्र या राजेशाहीत एक मेख होती. त्याला कुणी काही सांगत नसे. वाईट बातमी आली की ती आधी दादाकडे जायची, तिथे तिची धार बोथट व्हायची आणि मग थोडी थोडी करून ती जपूनपर्यंत यायची. आई गेली तेव्हा त्याला सकाळी सांगितलं की तिला जरा बरं नाही, दुपारी सांगितलं की जास्त आहे, आणि तो पोचला तेव्हा सगळी तयारी झालेली होती. आईला उचलायला चौघंजण उभे राहिले. जपूनही पुढे झाला. तेवढ्यात सात-आठ तोंडांतून एकदम आलं, "जपून! जपून!" आणि कुणीतरी त्याच्यासाठी खुर्ची आणली. आईच्या मांडीपायी जे सुरू झालं होतं, त्याने आईलाच शेवटचा हात लावू दिला नाही. त्या दिवशी खुर्चीत बसून तो इतका रडला की लोक म्हणाले, बिचाऱ्याला झेपत नाही हो.

तर असा हा जपून चौसष्ट वर्षांचा झाला आणि त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. सगळ्या गावाला चष्मे देणाऱ्यालाच दिसेना. ऑपरेशनआधी हृदयाचा दाखला आणा म्हणाले. म्हातारे डॉक्टर कधीच गेले होते. त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या आणि त्यांच्याकडे एक मशीन होतं, ज्याने म्हणे कागद वाचलेला नव्हता. जपून आडवा झाला, बाईंनी छातीवर गार मलम लावलं, पडद्यावर बराच वेळ पाहिलं.

"काका, तुमचं हृदय तर पस्तिशीतल्या माणसासारखं आहे."

जपूनला भर रस्त्यात कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. "नीट बघा," तो म्हणाला.

"बघितलं ना."

"अहो, आवाज आहे त्यात! लहानपणापासून!" तो उठून बसला, खिशातून प्लास्टिक काढलं आणि कागद बाईंच्या हातात दिला. चांगला रागावला होता तो. त्याच्या माहितीत हा त्याचा पहिलाच राग.

बाईंनी कागद वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला. "असे आवाज कधी कधी आपोआप जातात. पण इथे धावणंसुद्धा बंद केलंय, त्यावरून हा झडपेचा जन्मजात दोष असणार. तो जात नाही. हा कागद तुमचा नाही, काका." मग त्या हसल्या. "पण ज्याचा कुणाचा आहे त्याला मात्र शोधा हो. अशी झडप साठीनंतर आवळत जाते. जिन्यावर धाप लागते, छातीत दाबल्यासारखं होतं. अशा माणसाने जड काही उचललं तर..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. पुढच्या पेशंटला हाक मारली.

जपून दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. गेल्या महिन्यात दादा त्याच्या घरी आला होता, तेव्हा जिन्यातच, दुसऱ्या मजल्यावर बसला होता. चपलेचा पट्टा तुटलाय म्हणाला. पट्टा तर शाबूत होता. त्याआधी एकदा पाणी मागितलं होतं, आणि पेला घेताना त्याचे ओठ कसे राखेसारखे दिसले होते. आणि येत्या रविवारी, म्हणजे परवा, जपूनचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावरून त्याच इमारतीत तळमजल्यावर हलायचं होतं. का, तर जपूनच्या हृदयाला जिना सोसत नाही म्हणून! आणि लोखंडी कपाट खाली न्यायला दुसरं कोण येणार होतं?

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. जिन्याखालच्या बाकांपासून. ती भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली.

"तुमचं हृदय चांगलं आहे हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे," ती म्हणाली. "नाडी बघत होते ना मी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही कधी ओरडला नाहीत, कधी हात उगारला नाहीत, बिडी-काडी नाही, कुणाशी मारामारी नाही. बरे असतात तर कसे निघाला असतात कोण जाणे. म्हटलं, चाललंय ते बरं आहे." मग तिने हातातली जुडी खाली ठेवली. "पण दादांचं मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. आता कधी सांगताय त्यांना?"

आता सांगायला काय लागतं? फोन उचलायचा आणि सांगायचं. जपूनने शुक्रवारी फोन उचलला आणि ठेवला. सांगितलं की खुर्ची गेली, खिडकी गेली, सातवी पायरी गेली. पण तेही जाऊ दे. ज्या माणसाला सगळे समजूतदार, सोसणारा, हसतमुख म्हणून ओळखतात, तो माणूसच जाणार. त्याजागी उरणार कोण? तर एक लबाड म्हातारा, ज्याने धडधाकट असून भावाच्या पाठीवर बसून तीन-तीन जिने चढून घेतले. शनिवारी त्याने पुन्हा फोन केला. "दादा, उद्या तू येऊ नकोस. नुसती माणसं पाठव." तिकडून दादा गडगडला, "वेडा का तू? तुझं सामान मी परक्या हातात देईन? तू ताण घेऊ नकोस, औषध घे आणि झोप." आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी दादा दोन माणसं घेऊन आला. आधी त्याने जपूनसाठी खाली अंगणात खुर्ची मांडली, त्याला तिच्यावर बसवलं, हातात पाण्याची बाटली दिली आणि वर गेला. जपून बसला. सवयच ती. शेजारपाजारचे जमले होते, कुणी छत्री धरू का विचारत होतं. वरून कपाट घासल्याचा आवाज यायला लागला, "डावीकडे, डावीकडे, सांभाळ," असा दादाचा आवाज. जिना उतरताना खालच्या माणसावर सगळा भार येतो, म्हणून ती बाजू दादा कधी दुसऱ्याला देत नसे. मग आवाज थांबला. नुसता श्वास ऐकू यायला लागला, तुटक तुटक, लांबून ओढून आणल्यासारखा.

जपून खुर्चीवरून उठला आणि जिना चढला. सातव्या पायरीवर थांबला नाही.

पहिल्या मजल्याच्या वळणावर दादा कपाटाखाली वाकून उभा होता, ओझं पेलायचा पट्टा खांद्यावर. तोंड राखेसारखं, कपाळावरून घाम ठिबकत होता. "पट्टा सैल झालाय जरा," तो कसाबसा म्हणाला. "तू वर कशाला आलास? बस जा."

"खाली ठेव ते."

"अरे, होतंय."

"खाली ठेव म्हणतो ना!"

जपून ओरडला. असा ओरडला की तिन्ही मजल्यांवरची दारं उघडली. वरची दोन माणसं इतकी दचकली की कपाट आपोआप पायरीवर टेकलं. दादा भिंतीला टेकून खाली बसला. जपूनने त्या दोघांना चहा प्यायला पाठवलं आणि स्वतः दादाशेजारी पायरीवर बसला.

"दादा, डॉक्टर आले होते त्या दिवशी मी जिन्याखाली होतो."

कुठले डॉक्टर, कुठला दिवस, दादाने काही विचारलं नाही. खांद्यावरच्या पट्ट्याची गाठ सोडत राहिला.

"परवा मला मशीनवर बघितलं. मला काहीही झालेलं नाही. तो कागद तुझा आहे."

"मला काय माहीत नाही होय?"

"कधीपासून?"

"तो लिहीत होता तेव्हापासून. नळी माझ्याच छातीला लागली होती ना. तुला?"

"मलाही तेव्हापासूनच."

दोघेही समोरच्या कपाटाकडे बघत बसले. त्याच्या दारावर आरसा होता, त्यात दोन म्हातारे बसलेले दिसत होते.

"शर्यतीसाठी मी तुला आजारी पाडलं," दादा म्हणाला.  "एका पत्र्याच्या कपासाठी. मग म्हटलं, निदान याचं ओझं तरी आपण उचलू. उचलत गेलो, उचलत गेलो. मग सांगायची सोयच राहिली नाही रे."

"आणि मी उचलू दिलं. मला बरं वाटायचं तुझ्या पाठीवर." जपूनचे डोळे भरून आले. "लाज वाटते मला, दादा. आता तू उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

"नाव काढू नकोस! सगळा बाजार मला ओळखतो तो कशासाठी? हातपाय आहेत म्हणून. मला उचलायचं नाही म्हटलं तर मी आहे कोण? कोपऱ्यात बसायचं मी?"

हे उत्तर जपूनला अगदी ओळखीचं वाटलं. कालपरवा तो स्वतःला हेच विचारत होता.  तो उठला, कपाटाच्या खालच्या बाजूला गेला आणि दोन्ही हात घातले. खालून शेजाऱ्यांनी एकच कल्ला केला, "जपून! अहो, जपून!" त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. पण जन्मात कधी काही उचललं असेल तर ना! कंबरेत वाकला, लाल झाला, कपाट वीतभर वर आलं आणि धाडकन त्याच्याच अंगठ्यावर बसलं.

"गुडघ्यातून, गुडघ्यातून! पाठ सरळ ठेव, गाढवा!" दादा बसल्या जागेवरून ओरडला. मग ती दोन माणसं धावत आली आणि तिघांनी मिळून ते खाली नेलं. दादा मागून सूचना देत होता आणि दर चार पायऱ्यांनी थांबत होता. ते जपूनने ऐकलं.

संध्याकाळी जपूनने त्याला फोन केला. समजावणं, रागावणं, रडणं, सगळं जिन्यातल्या त्या पायरीवर करून झालं होतं. आता एकच गोष्ट उरली होती. "दादा, उद्या मला पुन्हा बोलावलंय दवाखान्यात. मला एकट्याला भीती वाटते."

 तिकडून दादा म्हणाला, "किती वाजता?"

दवाखान्यात भिंतीला लागून बाक होते. दोघे एका बाकावर बसले. जपूनने थाप मारली होती खरी, पण बसल्यावर त्याचे हात खरोखरच कापायला लागले. आत जे काही सांगतील ते आता ऐकावं लागणार होतं, आणि बातमीची धार बोथट करून द्यायला मध्ये दादा नव्हता. त्याने हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले. दादाने ते पाहिलं. नर्सने पुकारा केला, "चला, पुढचे कोण?"

"तुला भीती वाटते ना?" दादा म्हणाला. "बस इथे. मी जातो."

दारापर्यंत जाऊन तो वळला. "या वेळी कागदावर नाव कुणाचं घातलंयस?"

"तुझं."

"बरं," म्हणाला आणि आत गेला.

पाऊण तासाने बाईंनी जपूनलाही आत बोलावलं. झडप फार आवळली आहे, बदलावी लागेल, पण बदलता येते, वेळेत आलात, असं त्यांनी सांगितलं. तारीख ठरवली. तोपर्यंत काय करायचं ते कागदावर लिहून दिलं, आणि दादाने बाहेर येऊन तो कागद लांब धरून वाचला. धावणे, वजन उचलणे, दमणे टाळावे. त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. बाकावर त्याची पिशवी होती, तिच्याकडे हात नेला आणि मागे घेतला. एवढा आडदांड माणूस, पण शाळेच्या पहिल्या दिवशी दारात सोडलेल्या पोरासारखा दिसत होता.

"मग आता मी करायचं काय रे?" त्याने विचारलं.

जपूनने पिशवी उचलली. बरीच जड होती. "मी शिकवतो," तो म्हणाला. "छप्पन्न वर्षांचा अनुभव आहे मला. चल. जिना आला की सातव्या पायरीवर थांबायचं. डावा हात छातीवर. कुणी काही विचारलं तर बोलायचं नाही, उजवा हात नुसता एवढा वर करायचा."

दादाने हात वर करून पाहिला.

"एवढा नाही," जपून म्हणाला, "रिक्षा नाही थांबवायची. जरा कमी." आणि दोघे जिन्याकडे चालायला लागले, पिशवी घेतलेला धाकटा पुढे.